गोव्यात बायका निवडून येतात, पण कुठल्या वाटेने?

गोव्यात आजवर एकच बाई मुख्यमंत्री झाली, शशिकलाताई काकोडकर, आणि तीसुद्धा ५० वर्षांपूर्वी. ऑगस्ट १९७३ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि मगोची, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची, आणि सरकारची सगळी सूत्रं त्यांच्या या मुलीकडे आली. वडिलांची पुण्याई होतीच, नाही कोण म्हणतंय, पण ताई त्याआधीच राज्यमंत्री होत्या आणि १९७७ ची निवडणूक त्यांनी स्वतः जिंकून दाखवली, मग १९७९ मध्ये स्वतःच्याच पक्षातले आमदार फुटले आणि सरकार पडलं. १९८० मध्ये मगोच्याच संयोगिता राणे पणजीतून लोकसभेवर गेल्या. त्यानंतर गोव्यातून एकही बाई लोकसभेवर निवडून गेलेली नाही. भाजपने २०२४ मध्ये दक्षिण गोव्यात पल्लवी धेंपोंना उभं केलं, पण त्या पडल्या.

विधानसभेचं चित्रही फार वेगळं नाही. २०२२ मध्ये ३०१ उमेदवारांत बायका होत्या २६ आणि ४० पैकी निवडून आल्या तीन, ताळगावच्या जेनिफर मोन्सेरात, पर्येच्या दिव्या राणे आणि शिवोलीच्या डिलायला लोबो. तिघींचेही नवरे त्याच निवडणुकीत आमदार झाले, पणजीतून बाबूश, वाळपईतून विश्वजीत, कळंगुटमधून मायकल. म्हणजे विधानसभेत नवराबायकोच्या तीन जोड्या! त्यांना कमी लेखायचं म्हणून नाही सांगत, दिव्या राणेंचं मताधिक्य तर १३ हजारांच्या वर होतं. पण तिकीट कुणाच्या घरात जातं ते यावरून कळतं. आधी अॅलिना साल्ढाणा आल्या त्यासुद्धा २०१२ मध्ये पती माथानी वारल्यावर कुठ्ठाळीच्या पोटनिवडणुकीतून. सांताक्रुझच्या व्हिक्टोरिया फर्नांडिस, ज्यांना लोक 'मम्मी' म्हणायचे, त्यांच्या बाबतीत मात्र उलटं झालं, तिथे वारसा आईकडून मुलाकडे गेला, रुडॉल्फ आता तिथले आमदार आहेत.

बरं, मतदार बायकांना नाकारतात असंही नाही. गोव्यात मतदार यादीत बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत आणि २०२२ मध्ये मतदानाची टक्केवारीही त्यांचीच जास्त होती. आणि पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे लग्नानंतर मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा धरतात, त्याचं आपण बाहेर केवढं कौतुक सांगतो, पण तिकीट वाटपात हा अर्धा वाटा कुणाला आठवत नाही.

दुसरी वाट म्हणजे पंचायत आणि पालिका. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, १९९४ मध्ये गोवा पंचायत राज कायदा आला आणि एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव झाल्या. शेजारच्या महाराष्ट्राने पुढे हे आरक्षण ५० टक्के केलं, आपण तिथेच आहोत. आता प्रत्यक्षात काय होतं बघा. वॉर्ड राखीव झाला की पाच वर्षं तयारी करून बसलेला पुरुष घरी सांगतो, तू फॉर्म भर. पोस्टरवर तिच्या फोटोएवढाच याचा फोटो आणि खाली मोबाईल नंबर याचाच. पण यातल्याच काही जणी वर्षभरात ग्रामसभेत उभ्या राहून सचिवाला फाइल मागतात, आणि मग पुढच्या खेपेला आरक्षण फिरतं, वॉर्ड खुला होतो आणि तोच पुरुष म्हणतो आता मी. पाच वर्षांची सगळी मेहनत पाण्यात. खुल्या वॉर्डात बाईने उभं राहायला कायद्याची आडकाठी काही नाही, पण पंचायतीला पक्षाचं चिन्हच नसतं, सगळं पॅनलवर चालतं, आणि पॅनल ठरवणारे कोण ते सगळ्यांना ठाऊक.

आणि हे एक तृतीयांशसुद्धा कोर्टात भांडून मिळवावं लागलं. २०२१ च्या पालिका निवडणुकीत मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच ठिकाणी बायकांचे वॉर्ड कमी भरले. घटनेत 'एक तृतीयांशपेक्षा कमी नाही' असं स्पष्ट आहे, म्हणजे २५ वॉर्ड असले तर आठ चालत नाहीत, नऊच हवेत. पणजीतल्या हायकोर्टाने मार्चच्या सुरुवातीला ते आरक्षण रद्द केलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथेही हरलं. वर सुप्रीम कोर्टाने हेही सुनावलं की राज्य निवडणूक आयुक्त सरकारी नोकरीतला माणूस असता कामा नये, कारण तेव्हा तो चार्ज कायदा सचिवांकडेच होता. या पाच पालिकांचं मतदान मग एप्रिलमध्ये झालं. बायकांना राजकारणात आणायचं म्हणून शिबिरं घेणाऱ्यांनी हा निकाल आधी वाचावा असं मला वाटतं, कारण आरक्षणाची अधिसूचना निघते त्या दिवशी कुणीतरी बसून वॉर्ड मोजायला हवेत.

विधानसभेतल्या आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा १९९६ मध्ये आलं, २०१० मध्ये राज्यसभेत पास झालं आणि लटकलं, शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती झाली. पण अंमल जनगणना आणि त्यानंतरच्या मतदारसंघ फेररचनेनंतर. ४० चे एक तृतीयांश धरले तर गोव्यात १३ च्या आसपास जागा होतात. यात एक गोष्ट पंचायतीपेक्षा बरी आहे, इथे जागा दर निवडणुकीला फिरत नाहीत, पुढची फेररचना झाली तरच फिरतात, त्यामुळे निवडून आलेल्या बाईला त्याच मतदारसंघात दुसऱ्यांदा उभं राहायची संधी मिळू शकते. तोवर मात्र तिकिटं वाटणारे तेच.