साधी समीकरणं शिकवणं (सहावी ते आठवी)

साधं समीकरण म्हणजे ज्यात एकच अनोळखी संख्या असते आणि तिच्यावर वर्ग-घन काही नसतं, उदा. 2क्ष + 5 = 17. ही संख्या शोधायला मुलं सहावी ते आठवीत शिकतात. पुस्तकी नाव एकचल समीकरण, पण ठाण्यातल्या सेमी इंग्लिशवाल्या पोरांसाठी ते 'इक्वेशन', क्ष म्हणजे 'एक्स' आणि दोन बाजू म्हणजे 'एलएचएस-आरएचएस', त्यामुळे घरी आजोबा "क्ष मानू" म्हणाले की पोरगं नुसतं बघत बसतं.

खरी अडचण क्षची नाहीच, बरोबरच्या चिन्हाची आहे. पहिलीपासून 8 + 4 = लिहायचं आणि पुढे उत्तर टाकायचं, त्यामुळे = म्हणजे 'आता उत्तर लिही' असंच डोक्यात बसतं. 8 + 4 = __ + 5 देऊन बघा, बरीच मुलं 12 भरतात, पाहिजेत 7. वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने 1557 मध्ये हे चिन्ह वापरलं ते दोन सारख्या समांतर रेघा म्हणून, याहून जास्त सारखं काय असणार असा त्याचा हिशोब.

म्हणून तराजू लागतो. आता भाजीवाल्याकडे पण इलेक्ट्रॉनिक काटा असतो, दोन पारडी कित्येक मुलांनी बघितलेलीच नसतात, मग कपड्यांच्या हँगरला दोन पिशव्या लटकवून भागवायचं. 2क्ष + 5 = 17 मध्ये दोन्हीकडून 5 काढले की 2क्ष = 12, दोन्हीकडचं निम्मं केलं की क्ष = 6.

'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' म्हणजे पक्षांतर, याने वेळ वाचतो हे खरं, पण तराजूच्या आधी शिकवलं तर वाट लागते. 3क्ष = 12 चं क्ष = 12 − 3 = 9 होतं. काही जण तर क्षच्या जागी 4 ठेवून 3क्ष म्हणजे 3 गुणिले 4 ऐवजी 34 वाचतात, आणि त्यांचं तरी काय चुकलं, 3 च्या पुढे 4 लिहिल्यावर आजवर 34 च व्हायचे ना! आपल्याकडे भास्कराचार्यांच्या बीजगणितात (12 वं शतक) अनोळखी संख्येला 'यावत्तावत्' म्हणायचे, पुढच्या अनोळखी संख्यांना काळा-निळा अशी रंगांची नावं, तिथे हा घोळ झाला नसता.

शाब्दिक गणितांना रिक्षाचं मीटर मस्त. फेब्रुवारी 2025 मध्ये ठाणे-मुंबईत पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये झाले, पुढे किलोमीटरला 17.14, वर्गात 17 धरायचे. स्टेशनवरून बसलो, 60 झाले, किती लांब गेलो? 26 + 17क्ष = 60, क्ष = 2, आणि अर्धा वर्ग ओरडतो "दोन किलोमीटर". ताळा पण जमतो, 26 + 34 = 60, त्यामुळे चूक सापडत नाही, पण पहिला दीड राहिलाच की, उत्तर साडेतीन. यावर उपाय एकच, पहिल्या ओळीत 'क्ष = दीड किलोमीटरनंतरचं अंतर' असं पूर्ण लिहायला लावायचं, कितीही कंटाळा केला तरी. मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, "सर, शेअर रिक्षाचं कसं काढायचं?"