खेड्यातला दवाखाना नेमका कोणाच्या ताब्यात?

कपाशी-सोयाबीनच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या शिवारात कोणाला साप चावला, की त्याला आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतात. तब्येत ढासळली तर चिठ्ठी मिळते ग्रामीण रुग्णालयाची, आणि तिथूनही अनेकदा ‘यवतमाळले न्या’ असंच ऐकायला मिळतं. प्रत्येक दारात नवा केसपेपर. नातेवाइकांच्या लेखी हे सगळं एकच: सरकारी दवाखाना. कारभारी मात्र तीन आहेत. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या हाताखाली. आणि यवतमाळचं मोठं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं. तिथे शब्द चालतो अधिष्ठात्यांचा, म्हणजे महाविद्यालयाच्या डीनचा.

ही वाटणी एका बैठकीत झालेली नाही. इंग्रजी अमलात जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन, म्हणजे आजचा जिल्हा शल्यचिकित्सक, हा मोठा साहेब. मुख्य ठिकाणचं रुग्णालय त्याच्याकडे, आणि स्थानिक मंडळांच्या लहान दवाखान्यांची तपासणीही त्याच्याकडे. 1885 च्या डफरीन निधीतून देशभर बायकांसाठी दवाखाने निघाले. अमरावतीचं जिल्हा स्त्री रुग्णालय लोकांच्या तोंडी आजही ‘डफरीन’च आहे, आणि जिल्हा सामान्य रुग्णालय ‘इर्विन’. व्हाइसरॉय गेले, नावं राहिली. रोग झाल्यावर उपचार करणारं एक खातं आणि साथी, लसी, पाणी पाहणारं दुसरं, ही फाळणीही त्याच काळातली.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने 1946 च्या अहवालात ही दोन्ही कामं एका छपराखाली आणायला सांगितलं आणि सुरुवातीला 40 हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक केंद्र सुचवलं. 1952 मध्ये सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा गटागटांत अशी केंद्रं उभी राहू लागली.

विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात, 1950 पासून मध्य प्रदेशात होता, आणि इथला एक प्रयोग आता जवळजवळ विसरला गेलाय. 1948 च्या कायद्याने मध्य प्रांत-वऱ्हाडात तहसील पातळीवर जनपद सभा आल्या. म्हणजे स्थानिक कारभाराचा केंद्रबिंदू जिल्हा नव्हता, तहसील होती. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, पुढे महाराष्ट्र झाला, आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवरून 1961 चा जिल्हा परिषद कायदा आला. जनपद सभा संपल्या, 1962 पासून सूत्रं जिल्ह्याकडे गेली. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे आली, मोठी रुग्णालयं राज्याने स्वतःकडे ठेवली. नाईक मूळचे पुसदचे. यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आज त्यांचंच नाव आहे, पण त्या महाविद्यालयाशी जिल्हा परिषदेचा संबंध नाही.

माझ्या मते खरी गाठ इथेच बसली. केंद्रातला वैद्यकीय अधिकारी राज्य सेवेचा, पण काम जिल्हा परिषदेखाली. आरोग्य सेविका जिल्हा परिषदेची, तिचा पगार शासनाच्या अनुदानातून. जिल्हा आरोग्य अधिकारी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना उत्तर देतात आणि अकोला किंवा नागपूरला बसणाऱ्या राज्याच्या आरोग्य उपसंचालकांनाही. त्यामुळे डॉक्टरची जागा रिकामी पडली, की सरपंच जिल्हा परिषदेत जातो. जिल्हा परिषद म्हणते, प्रस्ताव वर पाठवलाय. खोटं कोणी बोलत नाही. तरी खुर्ची रिकामीच.

वैद्यकीय शिक्षणाचं संचालनालय 1970 मध्ये वेगळं निघालं. त्याची झळ खेड्यांना उशिरा बसली. नव्या महाविद्यालयाला चालतं रुग्णालय लागतं, म्हणून जिल्हा रुग्णालयच त्याला जोडलं जातं. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया याच वाटेने गेले. खाटा आणि तज्ज्ञ वाढतात, हे खरंच. पण ग्रामीण रुग्णालयांची जबाबदारी असलेल्या शल्यचिकित्सकांच्या हातातलं मोठं रुग्णालय जातं, आणि चिठ्ठी घेऊन आलेला रुग्ण दुसऱ्या खात्याच्या दारात उभा राहतो.

2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने आणखी एक थर चढवला: गावोगावच्या आशा सेविका, कंत्राटी कर्मचारी आणि दवाखान्याचा किरकोळ खर्च तिथेच मंजूर करणाऱ्या रुग्ण कल्याण समित्या. समितीची कल्पना आधी इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, 1990 च्या दशकात रुजली होती. अभियानाच्या सुरुवातीच्या सूत्रानुसार प्राथमिक केंद्राला समितीसाठी एक लाख, देखभालीसाठी 50 हजार आणि गरजेप्रमाणे वापरायचा मुक्त निधी 25 हजार, असे वर्षाला पावणेदोन लाख मिळत. इन्व्हर्टरची बॅटरी, गळकं छत, बाळंतिणीच्या खोलीतला हीटर अशा कामांसाठी मुंबईची वाट पाहू नये, एवढाच हेतू. या समितीत लोकप्रतिनिधी हवेतच, कारण हिशोब विचारणारं गावाकडचं माणूस तेच. 2022 मध्ये विदर्भातल्या अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक बसले. मग समितीत खर्च मंजूर करणारेही अधिकारी आणि तो तपासणारेही अधिकारीच उरले.