क्रॉप सेन्सरसाठी छोटी वाइड लेन्स: आरशाने अडवलेली जागा

हौसेने कॅमेरा घेतलेल्या अनेकांना पहिल्याच गणपतीत एक गोष्ट खटकते. मखर, आरास आणि भोवती बसलेली घरची मंडळी मोबाइलच्या एका फोटोत सहज मावतात, कॅमेऱ्यात मात्र मावत नाहीत. मागे सरकावं तर पाठीला भिंत लागते. कॅमेरा बिघडलेला नसतो, त्याच्यासोबत आलेली लेन्सच पुरेशी रुंद पाहत नसते.

कॅमेऱ्यात प्रतिमा टिपणारी पट्टी म्हणजे सेन्सर. फुल फ्रेम सेन्सर 36 × 24 मिमीचा असतो, हौशी कॅमेऱ्यांत मात्र बहुधा त्याहून लहान, क्रॉप सेन्सर असतो. निकॉन, सोनी, फुजीचा क्रॉप सेन्सर साधारण 23.5 × 15.6 मिमीचा, कॅननचा त्याहून किंचित लहान, 22.3 × 14.9 मिमीचा. लेन्सने तयार केलेल्या प्रतिमेचा मधला तुकडाच तो टिपतो. लेन्सच्या नावातला मिमीचा आकडा म्हणजे तिची फोकल लेंग्थ; तो जितका लहान, तितकं रुंद दिसतं. क्रॉप सेन्सरमुळे 18 मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) फुल फ्रेमवरच्या 27 ते 29 मिमी लेन्सएवढंच पाहते. आजच्या बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा याच हिशेबात 24 ते 26 मिमीचा असतो आणि अल्ट्रावाइड तर 13 मिमीच्या आसपास. म्हणजे रुंदीच्या बाबतीत खिशातला फोन आधीच पुढे आहे.

दुकानात जाण्याआधी एक सोपं गणित करून पाहावं. सेन्सरच्या रुंदीला भिंतीपर्यंतच्या अंतराने गुणायचं आणि फोकल लेंग्थने भागायचं. तीन मीटरवरून 18 मिमी लेन्समध्ये भिंतीचा 3.9 मीटर भाग येतो, 16 मध्ये 4.4 मीटर आणि 10 मध्ये तब्बल सात. कॅननची 24 मिमीची पॅनकेक, म्हणजे चपटी लेन्स फक्त 125 ग्रॅमची आणि फार गोड आहे, पण क्रॉप सेन्सरवर तिच्यात जेमतेम 2.8 मीटर मावतं. ‘छोटी वाइड लेन्स’ म्हणून ती सर्रास सुचवली जाते, ते मला पटत नाही. रस्त्यावरच्या फोटोंसाठी ती जरूर घ्यावी, अरुंद खोलीसाठी नको.

मग 10 मिमीची तेवढीच चपटी लेन्स कॅननने का केली नाही? याचं उत्तर आरशात आहे. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये उघडझाप करणारा आरसा असतो. त्याला जागा हवी म्हणून कॅननच्या जुन्या माउंटपासून (लेन्स जिथे बसते ती कडी) सेन्सर 44 मिमीवर आहे, निकॉनच्या 46.5 मिमीवर. साधी 10 मिमीची लेन्स प्रतिमा उमटवते तिच्या मागे अवघ्या सेंटीमीटरभर अंतरावर, आणि नेमका तिथे आरसा फिरत असतो. यावरचा तोडगा फ्रान्सच्या पिएर आंजेन्यू यांनी 1950 साली 35 मिमी लेन्समध्ये बाजारात आणला: पुढे प्रकाश फाकवणारी भिंगं, मागे एकवटणारी. दुर्बीण उलटी धरावी तशी ही रचना. प्रतिमा मागे सरकते आणि आरसा मोकळा फिरतो. पण मोबदल्यात पुढचं भिंग मोठं होतं, लेन्सची लांबी वाढते आणि वजनही.

मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही. सोनीत हे अंतर 18 मिमी, फुजीत 17.7, कॅनन आरएफमध्ये 20, निकॉन झेडमध्ये 16. कॅननने 2014 साली डीएसएलआरसाठी काढलेली 10-18 लेन्स 240 ग्रॅमची आणि 67 मिमी फिल्टरची (पुढच्या तोंडावर बसणारी काच) होती. 2023 ची मिररलेससाठीची 10-18 फक्त 150 ग्रॅमची आहे, फिल्टर 49 मिमीचा. मात्र ही सगळी किमया आरसा गेल्याची नाही. नव्या लेन्सचं अपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, 18 मिमीवर एफ/5.6 ऐवजी एफ/6.3 आहे (एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान), आणि रेषांचा बाक सरळ करण्याचं बरंचसं काम कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरवर सोपवलेलं आहे.

हा सॉफ्टवेअरचा मुद्दा खरेदी करताना हमखास निसटतो. बाक काढताना सॉफ्टवेअर चित्राचे कोपरे ताणतं, आणि ताणलेल्या जागी तपशील विरळ होतो. कोपरे मुळात अंधारेही असतात. साध्या, सममित रचनेच्या लेन्समध्ये अक्षापासून 42 अंशांवर मध्याच्या जेमतेम 30 टक्के प्रकाश पोचतो. तोही वाढवून घेतला की कोपऱ्यात कण दिसू लागतात. सोनीची 2010 ची 16 मिमी पॅनकेक अवघ्या 67 ग्रॅमची होती, पण तिचे कोपरे कायम मऊच राहिले. लहानपणाची किंमत कोपऱ्यांत मोजावी लागते, आणि मला ती बहुतेक वेळा मान्य आहे, कारण जड लेन्स घरीच राहते. कॅनन मिररलेसवाल्यांना एक पळवाटही आहे: फुल फ्रेमसाठी बनवलेली 16 मिमी एफ/2.8, वजन 165 ग्रॅम. क्रॉप सेन्सर तिचा मधला चांगला भागच घेतो, कमकुवत कोपरे आपोआप बाहेर राहतात.

मोठ्या अपर्चरचा मोह इथे आवरायला हवा. 16 मिमीला एफ/8 ठेवून दीड-पावणेदोन मीटरवर फोकस केला तर साधारण 80-90 सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. देवळं, गड, घरातले समारंभ यांना एवढं पुष्कळ झालं. आकाशगंगा टिपायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रकाश कमी, आणि वीसेक सेकंदांपलीकडे तारे रेघाळू लागतात. सिग्माची 16 मिमी एफ/1.4 त्यासाठी उत्तम आहे, पण तिचं वजन 405 ग्रॅम. सोनीची 2022 ची 11 मिमी एफ/1.8 मात्र 181 ग्रॅममध्ये बसते. तारे हाच छंद असेल तर मी तिच्यासाठी पैसे साठवेन.

आणखी एक गोष्ट लेन्स बदलून सुटत नाही. रेषा सरळ ठेवणाऱ्या कुठल्याही 10 मिमी लेन्समध्ये अगदी कडेला बसलेल्या माणसाचा चेहरा उंचीच्या मानाने सुमारे दीडपट रुंद दिसतो. 16 मिमीवर हा ताण 1.24 पट असतो. ही शुद्ध भूमिती आहे. ग्रुप फोटोत आत्याबाईंना कडेला बसवू नये, तिथे समई किंवा खांब येऊ द्यावा. वास्तूंचंही तसंच. वेरूळच्या कैलास लेण्यात कॅमेरा वर रोखला की खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात. कॅमेरा उभा, पण वर न रोखता सरळ समोर धरून सुमारे 30 मीटर उंचीचं शिखर 10 मिमीमध्ये आणायला 24 मीटर मागे जावं लागतं, 18 मिमीमध्ये 43. त्या प्रांगणात बाजूला तेवढी जागाच नाही, म्हणून तिथे 10-18 सारखी झूम सोबत हवी.

घेताना आपला कॅमेरा दुकानात न्यावा. टाइल्सच्या भिंतीसमोर, भिंतीला समांतर धरून अपर्चर पूर्ण उघडं ठेवून रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला) फोटो काढावा आणि चारही कोपरे मोठे करून बघावेत. चारही सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव. डावा कोपरा स्वच्छ आणि उजवा धूसर असेल तर आधी कॅमेरा तिरका नव्हता ना, हे पुन्हा फोटो काढून तपासावं. फरक तसाच राहिला तर आतलं एखादं भिंग मध्यापासून सरकलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि त्याच मॉडेलचा दुसरा नग मागावा.