उघड्यावरची वीण: सीलच्या संरक्षणाची पार्श्वभूमी

सोलापूरकरांना समुद्र लांबचा आणि सील त्याहून लांबचा. तरीही नान्नजच्या माळरानावर माळढोकाच्या एकेका अंड्यासाठी जीव टाकणाऱ्या इथल्या निसर्गप्रेमींना या प्राण्याचा इतिहास परका वाटणार नाही. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, आणि सीलची मादीही एका विणीत बहुधा एकच पिल्लू देते.

सील, सागरी सिंह आणि वॉलरस यांचे पूर्वज जमिनीवरचे मांसाहारी सस्तन प्राणी होते. देवमाशांनी जमीन कायमची सोडली. या प्राण्यांना मात्र पिलांना जन्म देण्यासाठी किनाऱ्यावर किंवा बर्फावर यावेच लागते. शिकाऱ्यांनी नेमके हेच हेरले.

बेरिंग समुद्रातील अमेरिकेच्या प्रिबिलोफ बेटांवर दाट, मऊ केसांच्या कातड्यासाठी मारले जाणारे फर सील लाखोंच्या संख्येने विणीसाठी येत. तेथे किनाऱ्यावर निदान तरुण नर निवडून मारता येत असत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जहाजांवरून भर समुद्रात शिकार वाढली, तेव्हा नर-मादी हा भेदच उरला नाही. पिलाला किनाऱ्यावर ठेवून अन्नासाठी बाहेर पडलेली मादी बहुधा पुन्हा गर्भवतीही असे, त्यामुळे एका गोळीत ती, तिचा गर्भ आणि किनाऱ्यावर भुकेने मरणारे पिल्लू असे तीन जीव जात, शिवाय मारलेली कितीतरी जनावरे हाती लागण्यापूर्वीच बुडत. अखेर ७ जुलै १९११ रोजी अमेरिका, ब्रिटन (कॅनडाच्या वतीने), रशिया आणि जपान यांनी करार करून ही समुद्रातील शिकार थांबवली. समुद्रावरील हक्क सोडण्याच्या बदल्यात अमेरिकेच्या बेटांवरील कातड्यांतून जपान आणि कॅनडाला प्रत्येकी १५ टक्के वाटा मिळाला. मला या कराराचे मर्म या वाटणीत दिसते.

उत्तरेकडील हत्ती सीलची कथा अधिक क्लेशदायक आहे. तेलासाठी झालेल्या कत्तलीनंतर १८९२ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटावर संशोधकांना आठ प्राणी दिसले आणि त्यांनी त्यांतले सात संग्रहालयासाठी मारले. मेक्सिकोने १९२२ मध्ये संरक्षण दिले, आणि आज ही संख्या दीड लाखाच्या पुढे आहे, मात्र त्यांच्यातील जनुकीय विविधता अत्यंत कमी आहे. कॅरिबियन मंक सील १९५२ नंतर खात्रीने कोणालाच दिसला नाही.

हत्ती सील सावरला, कारण बंदुका थांबल्या तेव्हा त्याचा समुद्र आणि किनारे जागेवर होते. माळढोकाच्या वाट्याला हे आले नाही. त्याचे माळ शेतीखाली गेले. हूडेड सीलचेही आता तसेच होत आहे: ज्या समुद्री बर्फावर तो वितो तो आक्रसत असून, ऑक्टोबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त वर्गात झाली.