‘एआय-शिक्षण’ : समासाचा विग्रह कोणता?

तिसरीपासून एआयची (कृत्रिम बुद्धिमत्तेची) ओळख करून देण्याचा निर्णय केंद्राने २०२५च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केला. सुरुवात २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून. त्यावरून पालकसभांत आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत जो वाद होतो, त्यात दोन्ही बाजू शब्द एकच वापरतात आणि बोलतात मात्र दोन वेगळ्या गोष्टींबद्दल. तो शब्द म्हणजे ‘एआय-शिक्षण’. शाळेतला समास आठवून बघा. एआयचे शिक्षण, हा षष्ठी तत्पुरुष. एआयने शिक्षण, हा तृतीया तत्पुरुष. पहिल्यात यंत्र कशाच्या आधारे ठरवतं हे मूल समजून घेतं. दुसऱ्यात यंत्रच मुलाला शिकवतं, तपासतं, उत्तरं पुरवतं.

असं याआधीही झालं आहे. १९८४मध्ये देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोचले, तेव्हा ‘संगणक शिक्षण’ म्हणजे नेमकं काय हे मोकळंच राहिलं. आपल्या गावच्या शाळांपर्यंत संगणक येईतो त्याचा अर्थ एक खोली असा झाला होता. दाराशी चपला काढायच्या, मॉनिटरवर प्लॅस्टिकचं कव्हर, किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात, आणि तास आला की एका माऊसभोवती पाच डोकी. गणिताच्या किंवा मराठीच्या तासाला त्या खोलीचं कुलूप क्वचितच निघायचं.

ते कुलूप खऱ्या अर्थाने २०१५च्या आसपास निघालं, आणि ते शिक्षकांनी काढलं. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची शाळा डिजिटल झाली, तिचं बघून इतर गावांनी लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर आणि टॅब घेतले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत एका गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड चिकटवले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही क्यूआर कोड आले. या काळाकडे मी आजही आशेने बघतो. साधन कोणतं, ते कधी बाहेर काढायचं आणि कधी बाजूला ठेवायचं, हे वर्गातला माणूस ठरवत होता. २०२०च्या टाळेबंदीत ही मुभा गेली. ज्या घरात स्मार्टफोन तिथेच शाळा, अशी वेळ आली.

एआयचे दोन्ही विग्रह मात्र शेजारीशेजारी वाढले. २०१९-२०मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) नववीला एआय हा ऐच्छिक विषय आणला, पुढे सहावीपासून १५ तासांचा छोटा अभ्यासक्रम. त्याच २०१९मध्ये मुलाचं मोठ्याने वाचन ऐकून अडलेला शब्द सांगणारं एक ॲप हिंदीत आलं. वर्षभरात ते मराठीतही वाचन ऐकू लागलं. हाही एआयच होता, पण त्यावर कुठे पालकसभा भरल्याचं मला आठवत नाही.

खळबळ उडाली ती २०२२च्या नोव्हेंबरनंतर, चॅटबॉट निबंध लिहू लागले तेव्हा. न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी २०२३च्या जानेवारीत बंदी घातली आणि मे महिन्यात उठवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या मार्गदर्शक सूचना आल्या. वर्गात अशी साधनं स्वतंत्रपणे वापरण्यासाठी किमान १३ वर्षं वय असावं, असं त्यांत सुचवलं होतं. आपल्याकडच्या २०२३च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली.

मग तिसरीतल्या आठ वर्षांच्या मुलापुढे एआय कसा? विरोधकांचा हा प्रश्न तृतीया तत्पुरुषाला धरून आहे, आणि तिथे तो रास्त आहे. पण ऑक्टोबरच्या घोषणेत एआयच्या जोडीला ‘संगणकीय विचार’ हेही शब्द होते. बातम्यांच्या मथळ्यांत मात्र बहुतेकदा एकटा एआय उरला. संगणकीय विचार म्हणजे प्रश्नाचे टप्पे पाडून, नियम शोधत विचार करणं; त्याला संगणकाचा पडदा लागत नाही. मुलांना अंगणातून वडाची, पिंपळाची, आंब्याची पानं आणायला सांगा आणि ढीग करायला लावा. ‘हे पिंपळाचं कशावरून?’ विचारलं की कुणीतरी लांब शेपटीसारख्या टोकावर बोट ठेवतं. मग टोक तुटलेलं पान पुढे करा. वर्ग थबकतो, शिरा बघतो, कडा चाचपतो, भांडतो. मोजक्या नमुन्यांवरून नियम बांधला की तो कुठे फसतो, हे त्या भांडणात मुलांच्या हाती लागतं. मोबाइलला हातही न लावता षष्ठी तत्पुरुष सुरू झालेला असतो. माझ्या मते तिसरीत एवढंच हवं. उत्तरं देणारं यंत्र त्या वयात नको.

घोषणेच्या वेळी एक कोटीहून अधिक शिक्षकांपर्यंत पोचणं हे सर्वांत मोठं आव्हान असल्याचं सांगितलं गेलं. दोनशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र बसते आणि पोषण आहाराची नोंदवहीही त्याच बाईंकडे असते. पानांचा तास घ्यायचा आहे तो त्यांना, आणि प्रशिक्षणाच्या पत्रावरही विषय म्हणून हाच, विग्रह न केलेला शब्द आला, तर त्या पहिल्यांदा टॅबच मागवतील.