बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता : मेंदू, मन आणि शरीर

रक्त, नसा आणि मन या तिन्हींना एकाच वेळी गाठणारी पोषणातील उणीव. पुण्यातील शाकाहारी घरांत ती इतकी आढळते की सततचा थकवा, विसराळूपणा किंवा उदासी वयावर अथवा स्वभावावर ढकलण्याआधी ही तपासणी व्हायलाच हवी.

बी-१२ फक्त सूक्ष्मजीव तयार करतात. माणसाला ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. प्रौढाला दिवसाला २ ते २.५ मायक्रोग्रॅम पुरते, पण वरण-भात, भाजी-पोळीच्या ताटात तेवढेही नसते. कपभर दुधातून साधारण १ मायक्रोग्रॅम मिळते. चहात पडणारे दूध त्यात धरू नये.

हे जीवनसत्त्व कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल साठते, पेशींची वाढ अडखळते आणि नसांवरचे मायलिनचे आवरण झिजते. तळपायांना मुंग्या येतात. बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, कारण पायांकडून मेंदूला मिळणारी स्थितीची जाणीव क्षीण झालेली असते आणि एरवी ती उणीव डोळे भरून काढत असतात. चिडचिड, उदासी, क्वचित भास ही लक्षणे हिमोग्लोबिन व्यवस्थित असतानाही दिसू शकतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने या विषयाला मोठी दिशा दिली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के, म्हणजे सुस्थितीतील घरेही यातून सुटलेली नव्हती. १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांत गरोदर स्त्रिया व त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यात सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी निघाले. ज्यांचे फोलेट (गोळ्यांतून फॉलिक ॲसिड म्हणून मिळणारे जीवनसत्त्व) जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत वयाच्या सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणे, सर्वाधिक होता. अगदी कमी बी-१२ असलेल्या मातांची मुले नवव्या वर्षी एकाग्रतेच्या आणि आकडे उलट क्रमाने सांगण्याच्या चाचणीत मागे पडली. बुद्धिमत्तेत मात्र फरक दिसला नाही. २०१२ मध्ये याच मुलांना, ती किशोरवयात आल्यावर, रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याची चाचणी सुरू झाली. उद्देश त्यांच्या पुढच्या पिढीचे आरोग्य हा होता.

तपासणीत चुका होतात त्या अशा. इंजेक्शन घेतल्यानंतर नमुना दिला की आकडा फुगलेला येतो. लोहही कमी असेल तर बी-१२ अभावी मोठ्या होणाऱ्या तांबड्या पेशींचा आकार सामान्य दिसतो आणि संशयच येत नाही. रक्तातील पातळी लिटरला १५० पिकोमोल, म्हणजे मिलिलिटरला सुमारे २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. काठावरचा आकडा असल्यास होमोसिस्टीन पाहावे. तो नमुना लगेच बर्फात ठेवून त्यातील रक्तपेशी वेगळ्या केल्या नाहीत, तर पेशींतून होमोसिस्टीन पाझरते आणि अहवाल खोटा वाढीव येतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ चे शोषण घटते. अशा वेळी पायांच्या मुंग्या सरसकट मधुमेहाच्या नावावर टाकल्या जातात.

नसांची लक्षणे असतील तर उपचार इंजेक्शनने सुरू होतो, एरवी १००० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी चालते. पचनाची नेहमीची वाट बंद असली तरी त्यातील सुमारे १ टक्का आतड्यातून शिरतोच. नुसते फॉलिक ॲसिड दिले तर हिमोग्लोबिन सुधारते, नसांची हानी मात्र चालूच राहते. म्हणून गरोदरपणातील लोह-फॉलिकच्या गोळ्या बंद न करता, जोडीला बी-१२ आहे ना हे डॉक्टरांना विचारावे. स्पिरुलिना या शैवालातील बी-१२ बहुतांशी शरीराला निरुपयोगी असते. रक्त काही आठवड्यांत सुधारते, नसांना महिने लागतात. फार उशीर झाला असेल तर बधिरता कायम राहू शकते.