गुळाचा चहा म्हणजे साखर बंद?

‘साखर सोडली, आता गुळाचाच चहा,’ हे आमच्याकडे येणारा प्रत्येक तिसरा पाहुणा अभिमानाने सांगतो. आणि कपात सुपारीएवढे दोन खडे टाकतो.

गूळही उसाच्याच रसाचा. काहिलीत आटवलेला, फक्त साखरेइतका शुद्ध न केलेला. त्यातही बहुतांश सुक्रोजच, म्हणजे आपली नेहमीची साखरच; जोडीला थोडे ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि पाणी. 100 ग्रॅम साखरेत साधारण 400 कॅलरी, तेवढ्याच गुळात 380च्या आसपास. म्हणजे फरक नावालाच! रक्तातली साखर गुळानेही झपाट्याने चढते, त्यामुळे मधुमेह्याला त्याची सूट नाही. लोह असतं, खरंय. पण चहातल्या खड्यातून मिळणारं किरकोळच. त्यासाठी हळीव, पालेभाज्या, कडधान्यं बरी.

जागतिक आरोग्य संघटनेची 2015 ची शिफारस अशी: वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत, जमल्यास 5 टक्के, म्हणजे सुमारे 25 ग्रॅम. पाच-सहा चमचे. या हिशेबात गूळ, मध, काकवी सगळं धरायचं.

चव आवडते म्हणून गूळ जरूर खा. पुरणपोळीत तर हवाच. मात्र चहात आधी दोनाचा एक खडा करा.